झालं. आता घरी जा

आईची कामाची खोली रिकामी करायला घेतली, तो पहिला दिवस हसण्यातच गेला. आई जाऊन महिना होत आला होता आणि तोवर लेक काय, मावशी काय, दोघींपैकी कुणाच्याही तोंडावर हसू आलं नव्हतं. जुनं फर्निचर घेणारा माणूस वर आला, भिंतीला टेकवलेल्या त्या उंच लाकडी फुलीकडे त्याने मान वाकडी करून पाहिलं, तिच्या कड्या ओढून बघितल्या आणि हा कपडे वाळत घालायचा स्टँड आहे का, असं विचारलं. मावशीने चेहरा जराही न हलवता हो म्हटलं. फुली खांद्यावर टाकून तो जिना उतरून गेला, तशी ती म्हणाली, "खोटं कुठे बोलले? कपडेच टांगले जायचे. आत माणूस असायचा, एवढंच."

खोली गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानावर होती. खाली दिवसभर शिलाईची मशीनं घरघरत असत, रेक्झिनचा वास जिन्याने वर चढत असे, आणि वरचा कुठलाही आवाज खाली पोचत नसे. आईने जागा निवडली ती हे बघूनच. मनगटाचे पट्टे, गळ्याचे पट्टे खालचाच कारागीर शिवून द्यायचा. ते कुत्र्यांसाठी आहेत असं त्याला सांगितलेलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्याने एकदाही कुत्रं कुठे आहे म्हणून विचारलं नव्हतं.

या खोलीत आई माणसांना गुडघ्यांवर बसवायची. बांधायची, छडीने मारायची, हुकूम सोडायची. माणसं आपण होऊन यायची, वेळ ठरवून, पैसे देऊन, आणि जाताना आभार मानून जायची. माझ्या अंगाला इथे कुणी हात लावत नाही, हे ती प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगायची. ज्याला दुसरंच काही हवं असेल त्याला जिना दाखवायची. गिऱ्हाइकं तिला बाईसाहेब म्हणत. शेजारपाजारच्यांना ती पाठीच्या दुखण्यावर इलाज करते असं माहीत होतं. मावशी म्हणायची, दुखण्यापर्यंत खरं आहे, इलाजाचं गिऱ्हाइकांना विचारा.

लेकीला हे कळलं ते शाळा संपता संपता. तिने थयथयाट केला नाही, रडली नाही. तिचा तो स्वभावच नव्हता. ती ग्रंथालयात गेली आणि या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. पुढे ती ग्रंथालयातच नोकरीला लागली, आणखी बरंच वाचलं. त्या धंद्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ होतं. आईबद्दल कशातच काही नव्हतं, आणि आईला विचारायचं राहूनच गेलं. ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून तिने हा जिना चढायचं सोडलं. आईनेही कधी ये म्हटलं नाही.

त्याआधी मात्र ती रोज यायची. शाळा सुटली की दुकानातल्या स्टुलावर दप्तर घेऊन बसायची. संध्याकाळी कारागीर मशीन बंद करायचा आणि मग त्या शांततेत वरून एकच वाक्य ऐकू यायचं, कारण ते म्हणताना आई दार उघडत असे.

"झालं. आता घरी जा."

मग जिन्यावरून कुणीतरी खाली यायचं, खालमानेने, पण चेहरा धुतल्यासारखा. मग वर नळ सुरू व्हायचा. आणि मग आई उतरायची, ओले हात पदराला पुसत. लेकीच्या लेखी आई आई व्हायची ती या वाक्यानंतर. त्याच्या आधी वर कोण असतं, हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्याने काही अडतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशीचे गुडघे दुखत होते, त्यामुळे लेक एकटीच आली. दोऱ्या आधीच धुऊन, वेटोळी करून ठेवलेल्या होत्या. आई गेली त्याच्या कितीतरी आधीपासून त्या तशाच असणार. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली त्याला दोन वर्षं उलटली होती. दोरीची गाठ कधी कापायची नाही, सोडवायची, असा तिचा दंडक होता, आणि घरातल्या पार्सलांनाही तो लागू असे. लेक वेटोळी पिशवीत भरत होती तेव्हा दारात एक म्हातारा माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट, आणि एक हात चौकटीवर असा घट्ट की चौकट सोडली तर पडेल.

"तुम्ही बाईसाहेबांच्या कन्या," तो म्हणाला. "मी दंतवैद्य. म्हणजे होतो. आता हात थरथरतात."

लेकीने त्याला ओळखलं. चेहऱ्याने नव्हे; घरी आई गिऱ्हाइकांना टोपणनावांनी ओळखायची, आणि "आज दाढ आली होती" हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की आईची दाढ दर आठवड्याला दुखते, अशी लहानपणी तिची पक्की समजूत होती. ती दाढ आता दारात उभी होती. तिने त्याला आत या म्हटलं आणि बसायला खुर्ची शोधली. खुर्च्या कालच गेल्या होत्या. तो म्हणाला, राहू द्या, बसलो की उठता येत नाही, त्याचंच तर सांगायला आलोय.

मग त्याने जे सांगितलं ते तिने शेवटपर्यंत मध्ये न बोलता ऐकलं. आईचे हात गेल्यावर तिने खोलीत येणं बंद केलं आणि आपला आवाज एका कंपनीला दिला. कंपनीने त्या आवाजाचं अ‍ॅप काढलं. फोनमध्ये बाईसाहेब. घोट्याला एक पट्टा बांधायचा, तो फोनशी जोडलेला. हुकूम मोडला की चावा घेतल्यासारखा झटका देतो. फोनचा कॅमेरा बघत असतो, बसलाय का, पाठ सरळ आहे का. आणि ही नुसती रेकॉर्ड केलेली वाक्यं नव्हेत. आपण बोलू त्याला ती उत्तर देते, कालचं आज लक्षात ठेवते, तिच्या आवाजात नवीन वाक्यं बोलते, जी तिने जन्मात उच्चारली नसतील. सुरुवातीला त्याला बरं वाटलं. बायको कधीच गेली होती, दवाखाना बंद झाला होता, आणि बाईसाहेब पुन्हा सापडल्या होत्या. आणि मग त्या वारल्याची बातमी मावशीकडून कळली. त्या दिवशी फोन उघडायचा नाही असं त्याने ठरवलं, तर दुपारी फोन आपणच बोलला, "कुठे आहेस? खाली बस."

"आणि तुम्ही बसलात," लेक म्हणाली.

"बसलो. रोज बसतो. स्वयंपाकघरात, फरशीवर."

सवयीने दंतवैद्य हळू आणि स्पष्ट बोलत होता, जणू समोरच्याच्या तोंडात हत्यार आहे. त्याच्या पँटमधून दिसत होतं की दोन्ही गुडघे सुजून एकसारखे गोल झाले आहेत.

थांबायचा शब्द असतो हे तिने वाचलेलं होतं. प्रत्येक गिऱ्हाईक आपला एक शब्द निवडतो, तो उच्चारला की सगळं जागच्या जागी थांबतं. त्याचं काय, असं तिने विचारलं.

"म्हणतो की. माझा शब्द फुलकोबी. म्हटलं की लगेच थांबते, त्यात खोट काढायला जागा नाही. त्रास होतोय का विचारते, पाणी पी म्हणते. थोड्या वेळाने म्हणते, बरं, आता पुढे." त्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. "थांबवणं माझ्या हातात आहे, ताई. संपवणं बाईसाहेबांच्या हातात असायचं. ते वाक्य ही म्हणतच नाही. आधी म्हणायची, पहिले काही महिने. मग बंद झालं."

"अ‍ॅप काढून टाका ना. डॉक्टर आहात तुम्ही."

तो हसला. "इथलं हे दार बघा. याची कडी बाईसाहेबांनी एकदाही लावली नाही. कुणीही केव्हाही उठून जाऊ शकत होतं. कुणी गेलं नाही. आम्हाला तशी सवय लागलेली आहे, त्या सोडत नाहीत तोवर उठायचं नाही. तुम्हाला वेडेपणा वाटेल. वेडेपणाच आहे. पण त्या वेडेपणावर मी वीस वर्षं शहाण्यासारखा जगलो, कारण आठवड्यातून एकदा तो संपायचा."

मग तो ज्यासाठी आला होता ते त्याने विचारलं. मागे एकदा बाईसाहेबांच्या घरी फोन लागला होता आणि लेकीने उचलला होता. तिच्या नुसत्या 'हॅलो'वर तो उभ्याचा बसला होता. आवाज इतका सारखा. तर तिने ते वाक्य एकदा, एकदाच म्हणावं. पैसे वगैरे काही असतील तर, असं तो पुटपुटला आणि लगेच स्वतःच शरमला.

लेकीने नाही म्हटलं. रागाने नाही म्हटलं, पण राग आवाजात येऊ दिला नाही. या खोलीतलं सगळं त्या लोकांचं होतं. दोऱ्या त्यांच्या, छड्या त्यांच्या, आईच्या आयुष्यातल्या बहुतेक दुपारी त्यांच्या. एवढं एकच वाक्य होतं जे जिन्यावरून खाली तिच्यापर्यंत आलं होतं. तेही काढून देणं तिच्याने होणार नव्हतं. ती म्हणाली, मी तो आवाजच बंद करवते. मुळातच संपेल, म्हणजे कुणाला कुणाकडे मागायला नको.

तो गेल्यावर तिला दुसरंच आठवत राहिलं. शेवटच्या दोन वर्षांत आई आवाजाचं काम करते हे तिला माहीत होतं. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, असं आईने सांगितलं होतं. लेकीला कोण आनंद झाला होता. तिने ग्रंथालयातून निवडून निवडून पुस्तकं आणून दिली होती, हे वाच, ते वाच, तुझ्या आवाजाला हे शोभेल. आई पुस्तकं ठेवून घ्यायची. सध्या कुठलं चाललंय असं विचारलं तर म्हणायची, "लांबलचक आहे गं. संपतच नाही."

कंपनीचं ऑफिस काचेच्या इमारतीत होतं. आत मुलंमुली कानाला हेडफोन लावून बसली होती, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि कोपऱ्यातल्या कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं असूनही कुणीतरी त्याला पाणी घातलेलं होतं. लेकीला भेटायला एक मॅनेजर आली, वयाने तिच्याहून लहान, बोलायला गोड. तिने आधी मनापासून दुःख व्यक्त केलं. बाई आम्हाला सगळ्यांना आवडायच्या, म्हणाली. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी त्यांनी पोक काढून बसतोस म्हणून झापलं होतं. तो अजून ताठ बसतो. लेकीला हे ऐकून हसू आलं आणि आपल्याला हसू आलं याचा राग आला.

तिने आपली मागणी सांगितली. माणूस वारलं आहे, त्याचा आवाज बंद करा.

मॅनेजरने करार समोर ठेवला. आईने आवाज दिला होता तो कायमचा, आपल्या पश्चातही, आणि समजून उमजून. प्रत्येक पानावर वाकड्या बोटांची सही होती. घरच्यांच्या संमतीचा प्रश्नच येत नव्हता. लेकीने सगळं वाचलं. वाचण्यात तिला कुणी फसवू शकत नसे. एका ठिकाणी, छापील मजकुराखाली, आईने घालायला लावलेली एक अट होती. तिने त्यावर बोट ठेवलं आणि कागद मॅनेजरकडे फिरवला.

"प्रत्येक सेशनच्या शेवटी 'झालं, आता घरी जा' हे वाक्य येईल," तिने वाचून दाखवलं. "हे तुम्ही मोडलं आहे."

"नाही मोडलं," मॅनेजर म्हणाली. तिला अवघडल्यासारखं झालेलं दिसत होतं. "आम्ही सेशन संपवणं बंद केलं."

लेकीने कागदावरचं बोट काढलं नाही.

"म्हणजे बघा, आधी सेशन होती. अर्धा तास, तास. शेवटी ते वाक्य यायचं. आमच्या लक्षात आलं की त्या वाक्यानंतर लोक अ‍ॅप बंद करतात. तीन-तीन, चार-चार दिवस उघडतच नाहीत. काही तर आठवडाभर. इतर कुठल्याच आवाजाच्या बाबतीत असं होत नव्हतं. मग डिझाइनवाल्यांनी सुचवलं की सेशन ही कल्पनाच काढून टाकू. आता ते सलग असतं. मध्ये थांबता येतं, झोपता येतं, ऑफिसला जाता येतं. पण चालू असतं. वकिलांना विचारलं, ते म्हणाले अटीचा भंग होत नाही. शेवट आला तर वाक्य येईल."

"शेवट येतच नाही."

"हो," ती म्हणाली.

एवढं बोलून झाल्यावर मॅनेजरला बहुधा वाटलं की काहीतरी चांगलंही सांगावं. लोक ते वाक्य मागतात हे आमच्या लक्षात आलंय, म्हणाली; अ‍ॅपवर लिहितात, विनवण्या करतात. म्हणून पुढच्या महिन्यात ते वेगळं फीचर म्हणून आणायचा विचार आहे. थोडे जास्त पैसे भरले की ते वाक्य ऐकू येईल. नाव अजून ठरलं नाही, पण 'सुटका' असं काहीतरी. आणि तुम्ही घरच्या आहात, तुम्हाला ते आधी देता येईल. मोफत.

लेकीच्या मनात आलं की आई इथे असती तर तिने या मुलीला कुठल्या शब्दांनी गुडघ्यांवर बसवलं असतं. तिच्या स्वतःकडे तसे शब्द नव्हते. तिच्याकडे होते ते सगळे छापील. बनवलेलं नको, ती म्हणाली. आईने खरोखर तोंडाने म्हटलेलं असेल ते द्या. मॅनेजर आत गेली, बऱ्याच वेळाने परत आली आणि म्हणाली की त्या वाक्याचं मूळ रेकॉर्डिंग सापडलं आहे, एडिट न केलेलं, वापरातून काढलेलं. तिने ते लेकीच्या फोनवर पाठवलं. निघताना दारापर्यंत आली आणि हलकेच म्हणाली, "एक सांगू? मीही कधी कधी ऐकते त्यांना. कामासाठी नाही."

लेकीने ते रेकॉर्डिंग घरी ऐकलं नाही. अ‍ॅप मात्र उघडलं. काचेच्या इमारतीतून बाहेर पडल्या पडल्या, रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने ते फोनमध्ये घेतलं होतं, कशाशी लढायचं ते माहीत हवं अशी स्वतःची समजूत घालून. आवाजांच्या यादीत आईला 'मॅडम सात' असं नाव होतं. लेकीने ते दाबलं, आवाज आला, "कोण आहेस तू?", आणि तिने फोन असा काही बंद केला की अंगठ्याचं नख दुखावलं.

दुसऱ्या दिवशी तिने दंतवैद्याला खोलीवर बोलावलं. आवाज बंद करता आला नाही, पण वाक्य मिळालंय, खुद्द आईच्या तोंडचं, असं सांगितलं. म्हाताऱ्याने विचारलं, इथेच ना? मग त्याने बूट दाराबाहेर काढून ठेवले, टाचा जुळवून, जसे तो कायम ठेवत असणार. खोलीत आता काहीच उरलं नव्हतं. एक जाजम, दोऱ्यांची पिशवी आणि भिंतीवर फुलीच्या जागी राहिलेला फिका डाग. चौकट धरून, मग भिंत धरून तो खाली बसला. लेकीला त्याच्याकडे बघवेना म्हणून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने फोन सुरू केला.

आधी नुसती खरखर. मग आईचा घसा खाकरल्याचा आवाज, अगदी कानाशी. लेकीला वाटलं होतं त्याच्यापेक्षा तो फार जवळ होता.

"झालं. आता घरी जा."

तेच. तेवढंच लांब, 'झालं'नंतर तेवढीच जागा, जेवढ्यात आई दाराला हात लावायची. खाली दुकानात मशीन चालू होतं, पण लेकीला ते थांबल्यासारखं वाटलं. मागे म्हाताऱ्याचा एक पाय फरशीला घासल्याचा आवाज झाला. तो उठायला लागला होता.

फोनमध्ये आई खोकली. आणि मग वेगळ्याच, बारीक झालेल्या आवाजात तिने विचारलं, "नीट आलं का रे? निघू मी?"

"अजून एकदा, बाई," एक तरुण आवाज म्हणाला. "शेवट जरा खाली पडतोय."

"झालं. आता घरी जा."

"अजून एकदा."

"झालं," आई म्हणाली आणि खोकल्याची उबळ आली. कुणीतरी पाणी दिलं असावं, पेला वाजला. "बोटांनी पेला धरवत नाही, तूच धर. हां. चल, घे. झालं. आता घरी जा... आता निघू?"

"थोडं कडक हवंय, बाई."

लेकीने वळून पाहिलं. दंतवैद्य एक गुडघा उचललेल्या अवस्थेत होता. प्रत्येक वाक्याला तो उठायला जात होता आणि प्रत्येक 'अजून एकदा'ला पुन्हा खाली टेकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ज्या रडण्यासाठी तो इथे वर्षानुवर्षं येत आला होता, ते हे नव्हतं.

फोनवर आई पुन्हा म्हणाली, पुन्हा निघू का म्हणून विचारलं. आपली आई कुणाची परवानगी मागताना लेकीने जन्मात ऐकली नव्हती. घरमालकाची नाही, शाळेत बोलावून घेणाऱ्या मुख्याध्यापिकेची नाही, डॉक्टरांची तर नाहीच. रेकॉर्डिंग तसंच चालत राहिलं आणि एका खोकल्याच्या मध्यावर तुटलं. ती निघाली की नाही, निघ म्हटलं की नाही, ते त्यात नव्हतं.

"त्यांनाच कुणी सोडलं नाही," जमिनीवरून म्हातारा म्हणाला. "मग मी कसा उठू?"

लेकीला पहिल्यांदा त्याचा संताप आला, खरा, मोठा. तू बसलास म्हणून तिला बोलावं लागलं, असं तिच्या ओठांवर आलं. तुम्ही सगळे बसून राहिलात आणि ती खोकत उभी होती. पण त्याच्या पायजम्यासारख्या ढगळ झालेल्या पँटमधले ते दोन गोळे तिला दिसत होते, आणि भिंतीला धरलेला हात कापत होता. असा कापरा हात घेऊन लोकांच्या तोंडाशी जाऊ नये, हे त्याने तरी वेळेवर ओळखलं होतं.

तिने फोन खिशात टाकला. दाराकडे गेली. दार उघडंच होतं. तिने ते पुढे लोटलं आणि पुन्हा उघडलं, कारण तसंच व्हायला हवं होतं.

"झालं," ती म्हणाली. मध्ये जागा सोडली. "आता घरी जा."

आवाज आईचाच आला. शेवट जरा खाली पडला.

दंतवैद्य उठला. त्याला फार वेळ लागला आणि तिने त्याला हात दिला नाही, कारण आई देत नसे. उभा राहिल्यावर त्याने पँट झटकली, खिशातून घोट्याचा तो पट्टा काढला आणि दोऱ्यांच्या पिशवीत ठेवला. दारात बूट घालताना तो म्हणाला, "तुम्ही थरथरलात, ताई. बाईसाहेब थरथरत नसत." मग जरा विचार करून, डॉक्टरने रोग्याला सांगावं तसं म्हणाला, "पण चाललं. पुरे झालं तेवढं." आणि खालमानेने जिना उतरून गेला. त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता की नाही, हे तिला दिसलं नाही.

तिने नळ सोडला. हात धुतले. पदर नव्हता, म्हणून कुर्त्याला पुसले. खाली कारागिराने मशीन बंद केलं आणि इमारत शांत झाली. आता कुणीतरी जिना उतरायचा आणि स्टुलावरच्या मुलीने दप्तर उचलायचं, अशी ही वेळ. जिन्यात कुणी नव्हतं. स्टूल तर दुकानाने कधीच मोडीत काढलं होतं.

पिशवी, जाजम, कुलूप. एवढंच राहिलं होतं. ती जाजम गुंडाळायला वाकली तेव्हा खिशातला फोन आपण होऊन बोलला.

"कुठे आहेस तू? मी वाट बघतेय."

हे वाक्य आईचं नव्हतं. आई कधी कुणाची वाट बघत नसे. गिऱ्हाइकाला पुन्हा ये म्हणायचं नाही, हा तिचा दंडक गाठीच्या दंडकाइतकाच पक्का होता. कुणीतरी काचेच्या इमारतीत बसून ते बनवलं होतं, लोक अ‍ॅपकडे परत यावेत म्हणून, आणि ते कशासाठी आहे हे लेकीला स्वच्छ माहीत होतं. तिने फोन खिशातून काढला होता आणि तिचा अंगठा अ‍ॅप काढून टाकायच्या लाल खुणेवर टेकलेला होता. एवढा दाबला की आवाज गेला असता, कायमचा.

"ऐकतेस ना?" आवाज म्हणाला. दमलेला नव्हता. खोकला नव्हता. हात धुऊन जिना उतरून आलेल्या आईचा असायचा, अगदी तसाच होता. "उशीर केलास. खाली बस."

बसायला खोलीत काही नव्हतं. लेकीने जाजम पुन्हा उलगडलं, पिशवी बाजूला सारली आणि फोन समोर ठेवून ती खाली बसली.